स्वादुपिंडाला सूज: इतके दिवस उपाशी ठेवतात का?

सांगलीची_लेक: आईला (वय ५८) पित्ताशयातल्या खड्यामुळे पँक्रिएटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झालाय. बीपी, लघवी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ठीक. डॉक्टर ‘माइल्ड’ म्हणतात. तरी तिसऱ्या दिवशीही तोंडाने काही नाही, शिवाय मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू. भुकेने ती माझ्यावरच चिडते आहे.

तालुक्याचा_फिजिशियन: पेशंट न बघता औषध बंद करा म्हणणार नाही. पण ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ ही समजूत जुनी झाली. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटना २०१८ पासून सांगते, सोसत असेल तर २४ तासांत खाणं सुरू करा. संसर्ग नसताना अँटिबायोटिक नको, हेही तेच सांगतात. नुसत्या सुजेनेही ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. मग अँटिबायोटिक देताना डॉक्टरांचा हात आखडत नाही, नातेवाइकांनाही ‘भारी’ इंजेक्शन हवं असतं. सलाइनचंही तेच. २०२२च्या ‘वॉटरफॉल’ नावाच्या, रुग्णांवर केलेल्या चाचणीत भरमसाट सलाइनने फायदा झाला नाही, उलट अंगात पाणी जास्त साठलं.

मिरजकर: आमच्या काकांना घरी सोडलं, ऑपरेशन ‘नंतर बघू’. महिन्याभरात परत तेच दुखणं.

तालुक्याचा_फिजिशियन: माझ्या मते खरी ढिलाई इथेच. माइल्ड असेल तर पित्ताशय त्याच भरतीत काढावं. नेदरलँड्सच्या पाँचो चाचणीत (२०१५) त्याने पुन्हा भरती व्हायचं प्रमाण बरंच घटलं. ताई, राउंडला दोनच प्रश्न विचारा: संसर्गाचा पुरावा काय, आणि ऑपरेशन कधी?

सांगलीची_लेक: विचारलं. संध्याकाळपासून पेज आणि मऊ भात. मेरोपेनेमचं ‘कल्चर (जंतूंची तपासणी) आल्यावर बघू’. सर्जन उद्या येतायत.