कुवारबाव ते मांडवी: रत्नागिरीचे तोंड कोणत्या दिशेला?

प्रश्न, नवा रहिवासी:
बदलीमुळे गेल्या वर्षी कुवारबाव येथे राहावयास आलो. रेल्वे स्थानक जवळ आहे, परंतु मूळ शहर पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला समुद्रकाठी आहे. स्थानक इतके आत, सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) का बांधले असावे? येथील वस्तीही सारी नवीच दिसते. जाणकारांनी कृपया सांगावे.

मांडवीकर:
महोदय, आपण मागच्या दाराने आला आहात, एवढेच! रत्नागिरीचे पुढचे दार म्हणजे मांडवी. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. १८२२ मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून येथे आले, तेव्हा माणसे आणि माल बहुतांशी समुद्रमार्गेच येत. मुंबईची बोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर येत. बोट लागून मळमळू नये म्हणून माझी आजी पदराच्या गाठीला आवळासुपारी बांधूनच बोटीत पाय ठेवी. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून पागोळ्या लागण्यापूर्वीच परतायचे. आपण मांडवीला जाऊन वाळू पाहावी: ती काळी आहे, तर रत्नदुर्ग किल्ल्यापलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढऱ्या वाळूचा ‘पांढरा समुद्र’.

कातळावरचा:
स्थानकाचे कारण भूगोलात आहे. किनाऱ्यालगत प्रत्येक नदीचे मुख रुंद खाडी होते, म्हणून १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे आतून नेली. तरीही डोंगरदऱ्या सुटल्या नाहीत: स्थानकाच्या उत्तरेला करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, तर दक्षिणेला पानवलचा ६४ मीटर उंच पूल. शहरातून हातखंबामार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ताही कुवारबाववरूनच जातो, त्यामुळे स्थानक आणि रस्ता यांच्या आधाराने येथे घरे वाढली. पूर्वी मात्र सड्यावर कोणी वस्ती करीत नसे, कारण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून पाणी झिरपून जाते. पावसात खळग्यांत गुडघाभर साचलेले पाणी चैत्रात औषधालाही उरत नाही. गावाच्या नावात बाव, म्हणजे विहीर, आहे. पण आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच येतो.

मांडवीकर:
‘कोणी वस्ती करीत नसे’ हे पूर्णपणे मान्य नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अशाच उंच जागी, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा आहे. अर्थात, राजाला पाणी भरून आणणारी माणसे होती; सड्यावर पाणी टिकत नाही, हे आपले म्हणणे खरे.

नवा रहिवासी:
आभार. रविवारी राजवाड्याकडून खाली भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन पाहतो.