नववी-दहावीच्या वर्गासाठी मोफत ऑनलाइन साधनं: एक प्रोजेक्टर, ५८ मुलं, नेट जेमतेम

धायरीच्या मॅडम:
नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, यंदा दहावीची भूमितीही माझ्याकडे आलीय. एका माजी विद्यार्थ्याने वर्गात प्रोजेक्टर बसवून दिला. शाळेचा लॅपटॉप जुना आहे, पण चालतो. नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि पाऊस लागला की तोही रडतो. वर्गात ५८ मुलं. बहुतेकांच्या घरी एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. त्यामुळे 'मुलांनी आपापल्या फोनवर उघडावं' हा पर्याय मला नाहीच.

शिक्षकांसाठी शंभर मोफत साधनं अशा याद्या ढिगाने सापडतात. मला यादी नकोय. तुम्ही स्वतः वर्गात वापरलेलं आणि मुलांना खरंच उपयोगी पडलेलं असं काय आहे, ते हवंय. गेल्या वर्षी एका कंपनीचं 'मोफत' ॲप शाळेत आलं होतं. लॉगिनला पालकांचे नंबर घेतले आणि दिवाळीनंतर पालकांना वर्गणीसाठी फोन सुरू झाले. तसलं काही पुन्हा वर्गात आणायचं नाही, हे मी ठरवलंय.

येरवड्याच्या बाई:
ताई, मी येरवड्याच्या बाजूला विज्ञान शिकवत होते. आता निवृत्त आहे, तरी जवळच्या शाळांत जाऊन तास घेते. परिस्थिती तुमच्यासारखीच: एक पडदा, एक फोन, गच्च वर्ग. अशा वर्गासाठी साधन निवडताना मी दोन गोष्टी बघते. नेट नसताना चालतं का, आणि उत्तर दिसायच्या आधी मुलांना अंदाज बांधायला लावता येतं का. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. नुसती हलती चित्रं दाखवली की वर्ग शांत बसतो, आपल्याला वाटतं समजतंय, आणि सहामाहीचे पेपर तपासताना कळतं की काहीच समजलेलं नव्हतं.

माझ्या मते सगळ्यात आधी 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा बोल्डर इथला प्रकल्प. कार्ल वायमन यांनी तो २००२ साली सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः चालवून बघायचे प्रयोग, मोफत आहेत, मध्येच जाहिरात येत नाही, मुलांना लॉगिन लागत नाही. भाषांच्या यादीत मराठीही आहे. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे नवीन सिम्युलेशनची फाइल उतरवून घेता येते. घरच्या नेटवर उतरवा, पेनड्राइव्हवर टाका, वर्गात ब्राउझरमध्ये उघडा. हॉटस्पॉटची गरजच नाही.

नववीच्या धाराविद्युतला मी ते कसं वापरते, सांगते. आधी प्रोजेक्टर बंद. फळ्यावर आकृती: एक बॅटरी, सारखे दोन बल्ब, एकसर जोडणी. प्रश्न: कुठला बल्ब जास्त पेटेल? उत्तर वहीत पेनने लिहायचं, कारणासकट, खोडाखोड नाही. मग हात वर. दरवेळी बराच वर्ग म्हणतो, पहिला. कारणही ठाम असतं: "बाई, वीज आधी त्याच्याकडे जाते ना, तो खातो, उरलेली पुढच्याला." हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवते, चूक म्हणत नाही. मग पडदा. ९ व्होल्टची बॅटरी, १०-१० ओहमचे दोन बल्ब. स्विच दाबला की दोन्ही सारखेच पेटतात. इथे थांबायचं नाही, कारण हुशार मुलगा लगेच म्हणतो, "डोळ्याला दिसत नसेल, थोडा फरक असेल." म्हणून ॲमीटर, म्हणजे विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र, पहिल्या बल्बच्या आधी लावा, दोघांच्या मध्ये लावा, दुसऱ्याच्या पुढे लावा. तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअर. आता फळ्यावरचं ते वाक्य पुन्हा वाचायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. भांडण मुलंच करतात आणि मिटवतातही मुलंच.

नंतर तेच दोन बल्ब समांतर जोडा. प्रत्येकातून ०.९, बॅटरीतून १.८. एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल? पुन्हा आधी वही, मग पडदा. घरातली जोडणी कुठली असणार, हे त्यावरून त्यांनाच सांगता येतं.

बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर बॅटरीतून ज्वाळा निघतात. मुलांना ते फार आवडतं. करू द्या, पण घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी असलं काही करायचं नाही, हे त्याच तासाला ठणकावून सांगा.

आणि ताई, एवढ्यावर तास संपवू नका. तपकीर गल्लीतून दीड व्होल्टचे सेल, छोटे बल्ब आणि होल्डर आणा आणि तीच जोडणी गटागटाने हातांनी करू द्या. खऱ्या दोन बल्बांत थोडा फरक दिसेलच. तो का दिसतो, हा पुढच्या तासाचा प्रश्न.

हाताने करायच्या गोष्टींसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ उघडा. पद्मश्री मिळालेला हा माणूस इथे आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवत होता. त्यांनी सगळं फुकट खुलं करून ठेवलंय: खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स आणि मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं. स्ट्रॉची पिपाणी आधी त्यावर बघा. टोक चपटं करून तिरकं कापायचं, फुंकायचं, आणि फुंकता फुंकता कात्रीने दुसरं टोक तोडत जायचं. नळी आखूड झाली की सूर चढत जातो. ध्वनीच्या धड्यातली वारंवारता पोरांना यातून जितकी कळते, तितकी माझ्या कुठल्याच आकृतीतून कळली नव्हती.

कोथरूडचा गणितवाला:
बाईंच्या 'आधी वही, मग पडदा'ला माझा दुजोरा. भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर घ्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलं. लॅपटॉपवर एकदा बसवलं की नेट लागत नाही, आणि वर्गातल्या वापराला पैसे नाहीत.

दहावीचं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घ्या. केंद्राशी १०० अंशांचा कोन करा, वर्तुळाच्या मोठ्या कंसावर बिंदू ठेवा, तिथे ५० दिसेल. आता बिंदू हळूहळू सरकवा. वर्ग आकड्याकडे बघत राहतो आणि आकडा ५० वरून हलत नाही. मग थांबा आणि विचारा: हा बिंदू ओढत लहान कंसावर नेला तर? वहीत लिहा. बहुतेक लिहितात ५०च. ओलांडल्याबरोबर १३० होतात. ५० आणि १३० मिळून १८० हे कुणीतरी ओरडतंच, आणि चक्रीय चौकोनाचं प्रमेय तुम्ही न सांगता वर्गात येतं. सिद्धता अर्थात फळ्यावरच लिहून घ्या, बोर्डात गुण तिचेच आहेत.

भूगोल, हडपसर:
दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझील आहे, म्हणून तुमच्या शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांना हे जरूर सांगा. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स म्हणून सोय आहे. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक दिसतात. ब्राझीलमधलं रोंदोनिया राज्य उघडा: आधी जंगलातून एक रस्ता, मग त्याला फुटलेले आडवे रस्ते, मग माशाच्या काट्यासारखी मोकळी झालेली जमीन. वृक्षतोडीवर मी कितीही बोललो असतो, तरी एवढं डोळ्यांसमोर उभं राहिलं नसतं. लगेच हिंजवडी आणि मगरपट्टा लावा. एका मुलीने आपल्या आजोबांचं शेत कुठे होतं, ते बोटाने दाखवलं, आणि नागरीकरणाचा धडा त्या बोटापासून सुरू झाला. याला मात्र चांगलं नेट लागतं. मी घरी स्क्रीन रेकॉर्ड करून नेतो.

मराठीचा तास:
विज्ञानाचं चाललंय, तरी राहवत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. प्रकल्प लिहिताना मुलं कुठून तरी उतरवून आणतात, त्यापेक्षा विश्वकोशातली एक नोंद वाचून स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहायला लावा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. धड्यातली आकृती पडद्यावर मोठी करून दाखवायला एवढंच पुरतं.

धायरीच्या मॅडम:
सगळ्यांचे मनापासून आभार. फेटची विद्युत मंडलाची फाइल काल उतरवली, जुन्या लॅपटॉपवर नीट चालली. बाई, दोन शंका. ५८ जणांचे हात मोजताना मागच्या बाकांवरची मुलं पुढच्यांचं बघून हात वर करतात, त्यावर काय? आणि नववीच्या ध्वनीसाठी पिपाणीखेरीज मोजमापाचं काही आहे का?

येरवड्याच्या बाई:
पहिल्या शंकेला प्लिकर्स हे ॲप. मुलांना फोन लागत नाही, तुमचा एक पुरतो. प्रत्येकाला एक छापील कार्ड, त्यावर चौकोनी ठिपक्यांसारखी खूण, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जो पर्याय हवा ती बाजू वर धरायची. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं उत्तर काय, ते फोनवर येतं. शेजारच्याला कार्ड बघून काही कळत नाही, त्यामुळे लाजरी मुलंही स्वतःचं उत्तर देतात. माझ्यासाठी त्याचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे. मोठा संच ६३ कार्डांचा आहे, तुमचे ५८ बसतात. मोफत खात्याला मर्यादा आहेत, पण तासाला दोन-तीन प्रश्न विचारायला अडत नाही. नेट थोडंसं लागेल, तुमचा हॉटस्पॉट चालेल. मुलांची नावं घालू नका, हजेरी क्रमांक घाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कुठलंही ॲप मुलांचे नंबर मागायला लागलं की हा कायदा मुख्याध्यापकांसमोर ठेवा.

दुसऱ्या शंकेला फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं मोफत ॲप, फोनमधल्या सेन्सरनी मोजमाप करतं. त्यात आवाजावर चालू-बंद होणारं स्टॉपवॉच आहे. दोन फोन लागतील, एखाद्या सहकाऱ्याचा घ्या. व्हरांड्यात बरोबर ५ मीटर मोजून दोन टोकांना एकेक फोन आणि एकेक मूल उभं करा. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही थांबतात. पण दोन्ही फोनवरची वेळ सारखी नसते. आवाजाला जाताना आणि येताना लागलेला वेळ त्या फरकात असतो, म्हणून १० मीटर भागिले फरक. साधारण ०.०२९ सेकंद आला तर वेग ३४५ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघतो. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. १० मीटर का धरायचे, ५ का नाही, हे मुलांकडूनच काढून घ्या. त्याला वेळ लागतो, लागू द्या. शनिवारी सकाळच्या शाळेत करा, इतर वर्गांचा गोंगाट सुरू व्हायच्या आधी, नाहीतर घड्याळं भलत्याच आवाजाला थांबतात.

आणि कार्डं अप्पा बळवंत चौकात जाड कागदावर छापून घ्या, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला खूण ओळखता येत नाही.