दृढीकरण झालं म्हणजे शिकणं संपलं का?

केडगावची_नात
दृढीकरण म्हणजे वयात आल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास जाहीर कबूल करायचा विधी. त्यावर परवा इथे एका भावाने लिहिलं, "दृढीकरण झालं की शिकणं झालं. जाणत्या माणसांना गोल बसवून 'तुम्हाला काय वाटतं' विचारायचं म्हणजे विश्वास भुसभुशीत करायचा. पाळकसाहेबांनी सांगावं, मंडळीने ऐकावं." दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, पुरोगामी म्हणून ओळखली जाते. चार वर्षं झाली, दर दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर दीड तास मोठ्यांचा बायबलचा वर्ग असतो. पंधरा-वीस माणसं येतात. गेल्या वर्षी सात महिने एकट्या ईयोबावर बसलो; बायबलातला ईयोब, दोष नसताना मुलंबाळं, सगळं गमावलेला. वर्गात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका आहेत, तरणा मुलगा गेलेला. ईयोबाचे मित्र त्याला समजावतात तो भाग वाचून झाला आणि काका म्हणाले, "हे तर माझ्या ओट्यावर येऊन बसलेले लोक. देवाची योजना असेल म्हणत होते." इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून देवळात 'आमेन'शिवाय शब्द ऐकला नव्हता. यात काय भुसभुशीत झालं, ते सांगा.

जुना_पंच
तो भाऊ मीच. काकांचं दुःख खरं आहे ताई, त्यावर मी बोलणार नाही. पण आमच्याकडेही असाच वर्ग निघाला. तिसऱ्या महिन्यात गाडी 'येशूचा कुमारीपासून जन्म शब्दशः घ्यायचा का' इथे आली. माझी आई 81 वर्षांची आहे. घरी येऊन विचारते, "मग मी इतकी वर्षं मतांगिकारात, विश्वासाच्या कबुलीत, काय म्हणत होते?" तिला काय सांगू? लेकरांसारखे व्हा असं प्रभूने सांगितलंय, मत्तय 18.

लालटाकीवाला
आणि 1 करिंथ 14 मध्ये पौल म्हणतो, विचारात लेकरं राहू नका. ते कोण वाचणार?
पंचसाहेब, आपली मराठी मंडळी उभी राहिली ती प्रश्न विचारणाऱ्यांवर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, आणि त्यानंतरही त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्या इंग्लंडातल्या सिस्टरांशी पत्रांतून भांडतच होत्या. मग हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे पाचेक वर्षं घेतली. नवरा सांगतो म्हणून पाण्यात उतरल्या नाहीत त्या.

जुना_पंच
रमाबाई विदुषी होत्या. माझी आई चौथी शिकलेली. तुलना नको. आणि तुमच्या वर्गात बायबलाबरोबर तुकारामही वाचतात म्हणे, तो कशाला?

लालटाकीवाला
तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतः सांगायचे. 1917 मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्यांची भजनं टाळांवर म्हणायची आणि वर्गात तुकोबा नको?

मार्था
माफ करा, मधेच बोलते. आमच्या वर्गात लूक 10 घेतला होता. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामात, तो भाग. तेव्हा मी आणि दोघी जणी आत मोरीवर बावीस कपबशा विसळत होतो. भिंतीपलीकडून आवाज येत होता, मरीयेने कसा उत्तम वाटा निवडला. तेवढ्यात एका भावाने दार उघडून विचारलं, "बिस्किटं आहेत का अजून?"
तुम्ही श्रद्धा आणि प्रश्न यावर भांडताय. मी वर्गात बसलेलीच नाही.

नगरी_गहू
चहापाणी ही पण सेवाच आहे. महिला संघाने आपणहून घेतलीय.

मार्था
आपणहून? आम्हाला कोणी विचारलं? संघाच्या वहीत पाळी लागते तीच.

लालटाकीवाला
कागदी कप आणले की प्रश्न मिटला.

मार्था
कपाचा प्रश्न नाही, दादा. तुम्ही रमाबाईंची नावं घेता आणि बाई मोरीवर असते. याच चर्चमध्ये बायका दीक्षित पाळक होतात आणि वर्गात खुर्ची मिळत नाही.

नगरी_गहू
प्रत्येक गोष्टीत स्त्री-पुरुष आणायलाच हवं का? विषय काय, चाललंय काय.

केडगावची_नात
विषय हाच आहे. शिकायला कोण बसतं, हे शिकण्याच्या बाहेरचं नसतं. आणि मला आता लाज वाटतेय. चार वर्षं वर्ग मी चालवते आणि चहा कोण करतं ते मान वळवून पाहिलं नाही. येत्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता पातेलं चढवायला मी आणि लालटाकीवाले. चालेल ना दादा?

लालटाकीवाला
मला चहा जमत नाही. कपबशा विसळतो.

जुना_पंच
माझं मत बदललेलं नाही. ज्याचं उत्तर चालवणाऱ्याकडे नाही, असा प्रश्न म्हाताऱ्या माणसासमोर टाकून उठून जाणं मला पाप वाटतं.

केडगावची_नात
हे मात्र तुमचं बरोबर आहे, भाऊ. त्या दिवशी वर्गानंतर आईंशी कोणीतरी बोलायला हवं होतं.

जुना_पंच
आत्ता तिला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ईयोब परत घेणार असाल तर ती येईल. माझे वडील गेले तेव्हा आमच्या ओट्यावरही तेच लोक बसले होते म्हणे. चाळीस वर्षांत मला हे बोलली नव्हती.

मार्था
आईंना पुढच्या रांगेत बसवा. शेजारची खुर्ची माझी.