फोटो हा पुरावा मानायचा का?

रावेरकर
वादळ झालं की आमच्या ग्रुपवर आडव्या पडलेल्या केळीचे फोटो फिरतात. त्यात कुणीतरी जुना फोटो घुसडतो आणि ज्याचं खरंच नुकसान झालं त्याच्याकडेही लोक संशयाने बघतात. माझं मत सरळ आहे: सुटा फोटो मानू नका, त्याच्या आधीचा-नंतरचा मागा. १८५५ मध्ये क्रायमियाच्या युद्धात रॉजर फेंटनने एकाच दरीचे, एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात रस्ता मोकळा, दुसऱ्यात रस्त्यावर तोफगोळे. आधीचा कोणता, यावर बराच वाद झाला. शेवटी उतारावरच्या बारक्या दगडांनी निकाल दिला. गोळेवाल्या फोटोत ते दगड खाली घसरलेले दिसतात, म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. दोन्ही फोटो टिकले म्हणूनच हे कळलं.

धुळ्याची लेक
भाऊ, म्हणजे गोळे कुणीतरी आणून मांडले असावेत, हे तुम्हीच सांगताय! लखनौचं बघा. सिकंदरबागेत इंग्रजी फौजेने बंडातल्या शिपायांची कत्तल केली ती नोव्हेंबर १८५७ ची, फेलिस बिआटोचा फोटो १८५८ चा. झाकलेले अवशेष त्याने फोटोसाठी उघडे करायला लावले, असं एका इंग्रज अधिकाऱ्यानेच आठवणींत लिहिलंय. ते आपले शिपाई होते. मेल्यावरही त्यांची आरास मांडली. कॅमेरा ज्याच्या हातात, खरं-खोटं तोच ठरवतो.

भुसावळ जंक्शन
ताई, हे एकांगी होतंय. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकार बातम्या दाबत होतं. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने उपाशी माणसांचे फोटो छापले, मग झाकणार काय? आणि आपल्याकडचंच सांगतो. अजिंठ्याची चित्रं उतरवून काढणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल, त्याची कबर भुसावळात आहे. त्या चित्रांवरून त्याने केलेल्या बहुतेक तैलप्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. लेण्यांचे त्याने काढलेले फोटो मात्र राहिले.

धुळ्याची लेक
लेण्यांचं ठीक आहे, माणसांचं काय? होळीआधीच्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात कॅमेरे घेऊन लोक येतात, पावरा जमातीच्या मुलीला न विचारता फोटो काढतात. खाली ना नाव, ना गाव, नुसतं 'आदिवासी सौंदर्य'. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रजांनी 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले, त्यातही माणसं अशीच जातीजमातीचे नमुने म्हणून छापली. एवढ्या वर्षांत बदललं काय?

तापीकाठ
आता तर एआय आलंय. जीपीएस कॅमेऱ्याचा जागा-वेळेचा शिक्कासुद्धा खोटा मारता येतो. तलाठ्याने बांधावर यावं आणि डोळ्यांनी बघावं, बस.

रावेरकर
तलाठी यायला आठ-आठ दिवस लागतात, तोवर घड कुजतात. फोटो लागतोच. आणि खोटेपणा उघडा पडतो तोही फोटो तपासूनच. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ फाइली तपासल्या, तेव्हा शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो बाद झाले. आपणही तसंच करू. बांधाच्या एकाच कोपऱ्यातून, विहीर किंवा विजेची डीपी दिसेल असा, वादळाआधीचा आणि नंतरचा फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालणार नाही, त्यात तारीख-वेळेची मूळ माहिती उडून जाते. मोबाइलमधली फाइल भरपाई जमा होईपर्यंत पुसू नका.

धुळ्याची लेक
शेताचं पटलं. पण बाजारातल्या फोटोची मूळ फाइल काढणाऱ्याकडेच राहते, त्या मुलीकडे नाही. त्यावर तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत.