शब्दचर्चा : काचेवर कण ‘वाढवले’ की ‘धरले’?

गोदाकाठी : बीएस्सीच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायलेय. विषय : सांडपाण्यातला रंग तोडणारे प्रकाश-उत्प्रेरक नॅनोकण, म्हणजे उजेड पडला की रासायनिक क्रिया घडवणारे अतिसूक्ष्म कण. टिटॅनियम डायऑक्साइडची किंवा झिंक ऑक्साइडची भुकटी पाण्यात टाकली की उजेडात रंग तुटतो खरा, पण नंतर ती भुकटी गाळून काढताना नाकी नऊ येतात. म्हणून कण काचेवर, जाळीवर ‘ग्रो’ करतात. ‘आधारावर वाढवलेले’ लिहिलं, तर आई म्हणाली, कुणाच्या आधारावर वाढली गं ही लेकरं?

खडूफळा : ‘लेपन’ लिहा. सोपं आहे.

गोदाकाठी : सर, लेपात कण आधीच तयार असतात, नंतर फासायचे. इथं ते जागेवरच जन्मतात. काचेवर झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांचा पातळ थर द्यायचा, मग ती काच झिंक नायट्रेट आणि हेक्सामीनच्या द्रावणात ९० अंशांच्या आसपास काही तास ठेवायची. त्या थरातून सळ्या उभ्या निघतात, तुरीच्या धसकटांसारख्या.

रंगारी : मग पहिल्या थराला विरजण म्हणा की.

गोदाकाठी : विरजणानं अख्ख्या भांड्याचं दही होतं. इथं वाढ काचेवरच हवी, द्रावणात झाली तर तेवढा माल तळाला जाऊन वाया. ‘बीजथर’ बरा वाटतो.

रंगारी : आमच्याकडं सूत रंग ‘धरतं’. नुसता वर बसलेला रंग पहिल्याच धुण्यात जातो. तुमचे कण काचेनं धरले का, एवढंच विचारा. (रंग तोडणाऱ्या कणांना रंगाऱ्याचा शब्द, चालेल ना?)

खडूफळा : हे लै आवडलं. खडीसाखर आठवा! ती दोऱ्यावर धरते. पाडव्याची गाठी साच्यात ओततात. साखर तीच, दोरा दोन्हीत, पण गाठीतला दोरा ओवून ठेवलेला, खडीसाखरेतला खडे धरणारा. गाठी म्हणजे लेपन, खडीसाखर म्हणजे तुमचं ‘ग्रो’. फक्त ‘धरवणे’ करू नका. ‘हातात धरवत नाही’ आठवतं.

गोदाकाठी : ‘धरलेले कण’ म्हटलं की पोलिसांनी धरल्यासारखं वाटतं. ‘काचेवर धरलेल्या सळ्या’ मात्र जमतंय.

नळदुर्ग : शब्द ठरेल, पण वाक्य तपासा. ‘उन्हानं रंग तुटतो’ असं सरसकट लिहू नका. टिटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा, अतिनील उजेड. आपलं मे महिन्यातलं ऊन कितीही भाजलं तरी त्यात हा वाटा थोडाच. आणि कण काचेवर धरले की पाण्याला भिडणारं त्यांचं अंगही कमी होतं, तेही पोरांना सांगा.

गोदाकाठी : सांगते. ‘ऊन’ काढून ‘अतिनील प्रकाश’ केलं. जाळीवरच्या कणांनाही ‘धरलेले’च म्हणू ना? तिथं धागा आहे, म्हणजे खडीसाखरेच्या जास्तच जवळ.