झाडं हिरवी दिसली म्हणजे जंगल वाचलं असं नाही
वर एकांनी लिहिलंय की मार्च २०२३च्या आगींनंतरही गोव्यातलं म्हादई अभयारण्य हिरवंच आहे, म्हणजे नुकसान फारसं झालं नाही. मला हे अजिबात पटत नाही. ती आग बहुतेक ठिकाणी जमिनीलगत, पातेऱ्यातून (गळलेल्या पानांतून) सरकत गेली, म्हणून शेंडे शाबूत राहिले. जळालं ते खालचं: रोपं, पडलेलं बी, सरपटणारे जीव. सदाहरित झाडांची साल बहुधा पातळ असते, चटका बसलेलं झाड पुढे काही वर्षांनीही मरतं. उतारावरच्या झाडाचा बुंधा जवळून पाहा. चढाच्या अंगाला, जिथे पाचोळा साचतो, तिथेच साल काळी पडून सुटलेली असते आणि त्या फटीतून वाळवी शिरते. मोकळ्या झालेल्या जागी रानमोडी नावाचं झुडपी तण माजतं, ती रानमोडी, उन्हाळ्यात वाळते आणि पुढच्या वणव्याला तीच सरण पुरवते.

नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतलं, त्याचं मोल आहेच. पण ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणाऱ्यांचे कष्ट कुणी विसरू नयेत. बोंडू (काजूची फळं) वेचायला सोपं जावं म्हणून काजूच्या बागेत गवत पेटवणं मात्र थांबलंच पाहिजे. पंचायतींनी जानेवारीतच रोजंदारीवर माणसं लावून बागांभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेले पट्टे, काढून घ्याव्यात.