मदत हवी आहे: जुळ्या भावंडांची पोहण्याची टायमिंग्ज आणि लेकीचा प्रश्न

आमची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. नुकतीच तेरा पूर्ण झाली. सातव्या वर्षापासून दोघं एकाच पुलात, एकाच सरांच्या हाताखाली पोहतात. अकरापर्यंत लेक पुढे होती. १०० मीटर फ्रीस्टाइलला तिचे १:१६, त्याचे १:१८. आता त्याचे १:०६ आणि तिचे १:११. मागच्या स्पर्धेहून परतताना ती म्हणाली, "बाबा, एकही सेशन बुडवलं नाही मी. मग चुकलं कुठे?" मी 'वाढेल गं स्पीड' असं काहीतरी पुटपुटलो. तिला ते पटलं नाही, मलाही नाही.

रात्री थोरामोठ्यांची विश्वविक्रमी टायमिंग्ज (आधी पुरुषाचं, मग बाईचं) काढून बसलो. १०० फ्रीस्टाइलला पान झानलेचे ४६.४० (पॅरिस, २०२४) आणि सारा श्योस्त्रोमचे ५१.७१ (२०१७). फरक साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. ४०० ला लुकास मार्टेन्स ३:३९.९६ आणि समर मॅकिंटॉश ३:५४.१८, दोन्ही २०२५ ची. इथे एकदम साडेसहा टक्के! १५०० ला बॉबी फिंकचे १४:३०.६७, केटी लेडेकीचे १५:२०.४८, म्हणजे जेमतेम पावणेसहा.

धावण्यात मात्र तसं दिसत नाही. १०० मीटरला ९.५८ आणि १०.४९, म्हणजे साडेनऊ टक्के. ८०० मीटरला १:४०.९१ आणि १:५३.२८, बारा टक्क्यांच्या वर. मग पाण्यातच पल्ला वाढला की फरक का घटतो? आणि ८०० मीटर पोहण्यात फरक परत ७.१ टक्क्यांवर का चढतो? लेकीला लांब पल्ल्याकडे वळवावं, की मी उगाच आकड्यांच्या नादी लागलोय? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त बेडूक: तिचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी तिला सांगा. वयात येईपर्यंत मुलं-मुली पोहण्यात जवळपास बरोबरीने असतात. मग मुलांचं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि उंची, खांदे, तळहात, पावलं, स्नायू सगळंच बदलतं. मोठा तळहात म्हणजे मोठं वल्हं. पाण्यात वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अकरा टक्के जास्त वेगाला एक तृतीयांशाहून जास्त ताकद लागते. ही तफावत जिद्दीने भरून निघत नाही.

लांब पल्ल्याला बायकांच्या बाजूने एक गोष्ट येते. त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, तीही कमरेला-मांड्यांना, त्यामुळे पाय कमी बुडतात. शरीर आडवं राहतं, अडथळा घटतो, प्रत्येक मीटरला शक्ती कमी खर्च होते. धावताना तीच चरबी नुसतं वाहायचं ओझं असते. शिवाय ५०-१०० मीटरला सुरुवातीच्या सूराचं वजन फार. १५०० ला तो एकच सूर कुठच्या कुठे विरून जातो.

लेन चार: ८०० चं कोडं सोपं आहे. पुरुषांचं ७:३२.१२ हे झांग लिनचं, २००९ मधलं. तेव्हा पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) पोशाख चालायचे, त्यांनी अंग तरंगायचं. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. लेडेकीचे ८:०४.१२ हे २०२५ चे, साध्या कापडातले. ही तुलनाच सरळ नाही.

आणि संधीचंही बघा. ऑलिम्पिकमध्ये बायकांना १५०० मीटर पहिल्यांदा मिळालं ते टोकियोत, २०२१ मध्ये. गर्ट्रूड एडरलीने १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पार केली तेव्हा तिचा वेळ आधीच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी होता. सारा थॉमसने २०१९ मध्ये तीच खाडी न थांबता चार वेळा ओलांडली, ते तोवर कोणत्याही पुरुषाला जमलं नव्हतं. पण म्हणून 'अंतर वाढव, भावाला हरवशील' असलं आमिष लेकीला दाखवू नका. फरक घटतो, पुसला जात नाही.

पाणकोंबडी: मी दहा वर्षं स्पर्धेत पोहले, म्हणून बोलते. मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात. तुमच्या मुलाची वाढ आत्ता कुठे जोर धरतेय, म्हणजे पाच सेकंदांचे आठ व्हायची तयारी ठेवा, आणि हे तिलाही आजच सांगा. नंतर कळलं तर जास्त लागतं.

दुसरं, या वयात कमरेचा घेर वाढतो आणि टायमिंग काही महिने जागचं हलत नाही. तेव्हा कुणीतरी 'वजन कमी कर' म्हणतंच. घरात तो विषय काढू देऊ नका. खाणं तोडून, पाळी बंद पडेपर्यंत सराव करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यात हाडं जातात आणि पोहणंही. पल्ला तिचा तिला निवडू द्या. तोवर भावाच्या घड्याळाऐवजी तिचे एका लॅपमधले स्ट्रोक मोजा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल तिला कागदावर आकडे मांडून दाखवले, आठ सेकंदांचंही सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो आयता उंच झाला!" आणि भावाला उशी फेकून मारली. ४०० पोहून बघायचं तिनेच ठरवलंय, रविवारी. आजवर १०० च्या पुढे ती शर्यतीत गेलेली नाही. पहिल्या १०० ला किती हात राखून जायला सांगू?